रणभूमीचे आडरस्ते

लढाईच्या वर्णनात आपण तलवारी वाचतो, चढउतार वाचत नाही. कोण किती शूर होतं, किती पडले, तह कुठे झाला, हे शाळेपासून पाठ असतं. पण पाणी किती लांब होतं, वारा कुठून येत होता, तोफा ओढणाऱ्या बैलांना चढ झेपला का, हे विचारायची सवय आपल्याला लागत नाही. खरं तर कित्येक लढायांचा निकाल अशाच गोष्टींनी लावला. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की आमच्या कर्जत-खालापूर भागातल्या रणभूमी सायकलवरून पाहाव्यात. एकट्याने किंवा दोघातिघांनी, गाजावाजा न करता. आणि त्या तशा पाहता येतील असे रस्ते राखणं हे पुतळे उभारण्याइतकंच, किंबहुना त्याहून निकडीचं काम आहे.

भिसेगावात राहणाऱ्याला चढाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबते ती मागून ढकलणारं बँकर इंजिन लावून घ्यायला. सह्याद्री हा अडथळा आहे हे इथे रोज, जवळजवळ प्रत्येक गाडीमागे, नव्याने मान्य केलं जातं. याच गावातून दक्षिणेला पळसदरीवरून खोपोलीचा रस्ता जातो, उत्तरेला नेरळचा, आणि ईशान्येला कडाव-कशेळ्यावरून म्हशाकडे, मुरबाड तालुक्यात. तिन्ही रस्त्यांवर माणसं लढून मेली आहेत. आज त्या रस्त्यांवरून शनिवार-रविवारी फार्महाउसकडे धावणाऱ्या गाड्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बंद काचांच्या आत बसून, ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला कळेल असं तिथे काही ठेवलेलंच नाही.

उंबरखिंडीचं उदाहरण घेऊ. 2 फेब्रुवारी 1661. मोगल सरदार शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसलेला. उत्तर कोकण घेण्यासाठी त्याने कारतलबखानाला पाठवलं. नेहमीच्या बोरघाटाने न जाता खान लोणावळ्याच्या दक्षिणेकडून, तुंगारण्याच्या दाट रानातून खाली उतरू लागला. बरोबर हजारोंची फौज आणि माहूरची सरदारीण रायबागन. शिवाजी महाराजांनी त्याला उतरू दिलं. फौज खिंडीत पुरती शिरेपर्यंत वाट पाहिली आणि मग पुढून-मागून, दोन्ही अंगांच्या रानातून मारा सुरू झाला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग तपशिलाने आला आहे. त्यात रायबागन खानाला खडे बोल सुनावते आणि शरण जायला सांगते. खानाने ते ऐकलं. सगळी चीजवस्तू तिथेच टाकून फौज परत गेली आणि महाराजांनी तिला जाऊ दिलं.

आता हे घरी बसून वाचलं तर मनात येतं, की एवढी मोठी फौज काही घटकांत हातपाय गाळते म्हणजे काय? खान भित्रा असावा, असं वाटून जातं. ज्याला ही शंका आहे त्याने फेब्रुवारीतच, उन्हं चढल्यावर, खोपोली-पाली रस्त्याने सायकल काढावी आणि शेमडीला वळून चावणीकडे जावं. मोठ्या रस्त्यावर असतो तोवर वारा असतो. डंपर धूळ उडवतात, पण त्या वाऱ्याने घाम वाळतो. आत शिरलं की डोंगर दोन्हीकडून जवळ येतात आणि वारा थांबतो. अगदी अंगावर कळावा असा थांबतो. कपाळावरचा घाम वाळायचा सोडून डोळ्यांत उतरायला लागतो. हँडलवरचे तळवे ओले होतात. बाटलीतलं पाणी कोमट झालेलं असतं, तरी हात पुन:पुन्हा तिकडे जातो. अशा जागी चिलखत घालून, भरल्या बैलांच्या गर्दीत, मागे फिरायला जागा नसलेल्या चिंचोळ्या वाटेवर आपण उभे आहोत आणि झाडीतून बाण येताहेत, एवढी कल्पना केली की रायबागनचा सल्ला किती शहाणपणाचा होता ते लगेच पटतं. खाली अंबा नदी आहे. पण वर खिंडीत कोंडलेल्या फौजेला नदीचा काय उपयोग?

नदीपात्रातल्या कातळावर आज उंच स्मारक आहे. ते असावंच. ‘समरभूमी उंबरखिंड’ हे शब्द तिथे कोरलेले पाहताना मलाही भरून येतं. पण त्या स्मारकाशी गाडीतून उतरून फोटो काढणाऱ्या माणसाच्या हाती लढाई लागत नाही. लढाई आहे त्या शेवटच्या काही किलोमीटरांत, जिथे वारा पडतो. हे गाडीतल्या थंड हवेत बसणाऱ्याला कळणं शक्यच नाही, आणि ते कळल्याशिवाय महाराजांची बुद्धी कळत नाही. ‘गनिमी कावा’ हा शब्द आपण इतका वापरला आहे, की त्यात जागेचा अभ्यास किती होता हे विसरून गेलो. इथली हवा दुपारी कशी वागते हे ठाऊक असलेल्या माणसाने ती जागा निवडली होती.

चालत का जाऊ नये, असं कोणी विचारेल. जरूर जावं. पण पायी गेलं तर एक जागा पाहून होते, दोन जागांमधलं अंतर पदरात पडत नाही. आणि लढाया एकेका जागेत घडत नाहीत, त्या अंतरात घडतात. रसद कुठून येते, माघार कुठे घ्यायची, कुमक किती तासांवर आहे, या सगळ्या अंतराच्या गोष्टी. सायकलने एका दिवसात खोपोली ते पनवेल हे अंतर पायांखालून जातं. आणि त्या अंतराला इतिहास आहे.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातली वडगावची लढाई आपल्याला माहीत असते. रघुनाथरावांना पेशव्यांच्या गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतच्या सात-आठ मैलांना तिने अकरा दिवस घेतले. सामान वाहायला हजारो बैल होते. त्यांनीच तिची चाल ठरवली. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवलं. शत्रूच्या शौर्याला असं नाव देणारी माणसं होती ती. तळेगावहून माघार घेताना इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकल्या आणि वडगावला तह करावा लागला. आज वडगावात विजयस्तंभ आहे, महादजी शिंद्यांचं स्मरण आहे.

पण त्यानंतर दोनच वर्षांनी आमच्या खालापूर तालुक्यात जे घडलं त्याचं काय? फेब्रुवारी 1781 मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडार्डने बोरघाट घेतला आणि पायथ्याशी खोपोलीला तळ दिला. तो वाटाघाटींची वाट पाहत बसला. नाना फडणवीस बधले नाहीत. मधल्या काळात परशुरामभाऊ पटवर्धनांनी पनवेलहून येणारी रसद तोडायला सुरुवात केली, आणि घाटावरून हरिपंत फडके व तुकोजी होळकर होतेच. एप्रिलच्या उन्हात गॉडार्ड पनवेलकडे परत फिरला. त्या माघारीत त्याची साडेचारशेहून जास्त माणसं मेली वा जखमी झाली. खोपोलीत नानांनी बांधलेलं तळं आणि शंकराचं देऊळ आजही आहे. तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून पनवेलकडे निघालं की जवळपास सपाट रस्ता आहे. दुतर्फा ढाबे, गोदामं, कारखाने. त्या साडेचारशेंमधले बहुसंख्य गोरे नव्हते. कंपनीच्या मुंबई फौजेत शिपाई म्हणून याच कोकणातली माणसं होती, मराठे, महार, भंडारी. दोन्ही बाजूंना आपलीच माणसं मेली, याच रस्त्याच्या कडेला. आपल्याला फक्त विजय आठवायची सवय आहे, त्यामुळे ती कोणाच्याच आठवणीत नाहीत. मी या रस्त्याने जाताना एवढंच करतो, की कुठे तरी झाडाखाली थांबून उन्हाकडे पाहतो. एप्रिलमध्ये इथे डांबर सायकलच्या टायरला चिकटतं.

आता उत्तरेच्या आणि ईशान्येच्या रस्त्यांकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा खरा गाभा तिथे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या रणभूमी म्हटल्या की आपल्या डोळ्यांसमोर बर्मा येतो, फ्रान्स येतो, रशिया येतो. कर्जत तालुका येत नाही. पण 1942 च्या पावसाळ्यानंतर या तालुक्यात एक आघाडी उघडली होती. खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 पासून चालू होतं, भिवपुरीचं 1922 पासून. तिथली वीज मनोऱ्यांवरून मुंबईकडे जायची आणि तिच्यावर गिरण्या, कारखाने आणि रेल्वे चालायची. युद्धाचा सगळा पसारा तिच्यावर उभा होता. माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण कोटवालांनी, म्हणजे भाई कोटवालांनी, हे अचूक ओळखलं. 1 डिसेंबर 1912 चा त्यांचा जन्म, नाभिक कुटुंबातला. वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं काढली, खेड्यापाड्यांत शाळा चालवल्या. ‘चले जाव’ची हाक आल्यावर त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला आणि या दस्त्याने विजेचे मनोरे पाडायला सुरुवात केली. हातात करवती. समोर पोलादी मनोरे. रात्रीची वेळ, आणि पकडले गेलो तर काय होईल हे सर्वांना ठाऊक.

2 जानेवारी 1943 च्या पहाटे म्हशाकडच्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. दस्त्यातले हिराजी पाटील गोळीबारात पडले. भाई कोटवाल जखमी झाले आणि हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने जवळून गोळी घालून त्यांना मारलं. भाई तीस वर्षांचे होते.

नेरळला हुतात्मा चौक आहे, माथेरानला भाईंचं स्मारक आहे, मानिवलीला, हिराजींच्या गावी, त्यांची आठवण जपलेली आहे, सिद्धगडावर स्मारक आहे आणि दर 2 जानेवारीला तिथे माणसं जमतात. पण या जागा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गाड्यांतून पाहिल्या तर त्यांचा एकमेकींशी संबंध लागत नाही. भिसेगावहून पहाटे निघून कडाव, कशेळे करत म्हशापर्यंत सायकल मारली की लागतो. पहिली गोष्ट कळते ती दस्ता किती मोठ्या मुलखात वावरत होता ही. दुसरी, उघड्यावर राहणं किती कठीण. भातकापणी झालेली शेतं, मध्ये काही आडोसा नाही, मैलभर लांबून माणूस दिसतो. आणि तिसरी, मला सर्वांत मोलाची वाटणारी: वाटेत लागणाऱ्या ठाकर आणि कातकरी वाड्या. महिनोन्महिने रानात राहणाऱ्या माणसांना कोणी तरी भाकरी दिली, कोणी तरी वाट दाखवली, कोणी तरी पोलिसांना ‘पाहिलं नाही’ म्हणून सांगितलं. त्याशिवाय हे लढणं एक आठवडाही टिकलं नसतं. त्या माणसांची नावं दगडावर नाहीत. गाडीने जाताना त्यांची वाडी म्हणजे रस्त्यावरचा एक गतिरोधक. सायकलने जाताना तिथे पाणी मागावं लागतं, आणि पाणी मागितलं की बोलावं लागतं.

त्या बोलण्यात मी एकदा एका म्हाताऱ्या बाईंना सिद्धगडाचं विचारलं. त्या म्हणाल्या, “आमच्या आजीला ठावं होतं बाबा, ती सांगायची. तेव्हा आम्ही ऐकलं नाय.” पुढे काही बोलल्या नाहीत. तांब्या परत घेतला आणि आत गेल्या. इतिहास कुठे आणि किती हरवला आहे याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

आता एक अवघड गोष्ट. भाई कोटवाल पडले त्यानंतर दीड वर्षाने, 10 जुलै 1944 रोजी, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. त्यांच्या तुकडीतले सगळे जवान मेले किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर धाव घेतली, तो मोर्चा मोडला, आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय वर्षं 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. 2023 मध्ये मोंटोने या तिथल्या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं.

माथेरान आणि पळसगाव तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात होते. एकाने ब्रिटिशांच्या युद्धाची वीज तोडली, दुसरा ब्रिटिशांच्या गणवेशात लढला. आपण सोयीसाठी या दोघांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो: हा देशभक्त, तो सैनिक. मला हे पटत नाही. दोघांच्याही मागे कोकणातली तीच जमीन होती, तीच गरिबी होती, आणि दोघांनीही स्वत: पुढे पाऊल टाकलं. माणगावला घाडग्यांचं स्मारक आहे. नेरळचा हुतात्मा चौक आणि माणगावचं ते स्मारक एकाच प्रवासात पाहणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पालीमार्गे सायकलने हा प्रवास दोन दिवसांचा आहे. शाळेच्या पुस्तकाला जे जमलेलं नाही ते या दोन दिवसांत जमेल, असं मला मनापासून वाटतं.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. सायकल चालवणं ही मौज आहे, व्यायाम आहे. जिथे माणसं मेली तिथे मौज घेऊन जावं का? जगाने याचा वाईट नमुना पाहिलेला आहे. पहिलं महायुद्ध संपून सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, 1919 च्या एप्रिलमध्ये, ‘ल पती जुर्नाल’ या फ्रेंच वृत्तपत्राने थेट रणभूमींवरून सायकल शर्यत घेतली. स्ट्रासबुर्गपासून निघून बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या उद्ध्वस्त मुलखातून दोन हजार किलोमीटर. रस्ते तोफांनी उखडलेले, गावं जमीनदोस्त, थंडी आणि पाऊस. प्रेतं अजून सगळी उचलली गेली नव्हती. त्याच वर्षी पॅरिस-रूबे शर्यतीचा मार्ग पाहायला गेलेल्यांना जे दिसलं त्यावरून तिला ‘उत्तरेचा नरक’ हे नाव पडलं, आणि आज तेच नाव शर्यतीचं भूषण म्हणून मिरवलं जातं. लाखोंच्या मरणातून आलेलं नाव खडबडीत रस्त्यांची जाहिरात होऊन बसलं. मी म्हणतो ती सायकल ही नव्हे. घड्याळ लावून, टोळीने, कोण पहिला पोहोचतो हे पाहत उंबरखिंडीला जाणं हे गाडीने जाण्याहून बरं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. हळू जाणं हीच अट आहे. थांबणं, विचारणं, दमणं. त्याच मुलखात नव शापेल इथे 1927 मध्ये उभं केलेलं भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, त्यावर साडेचार हजारांहून जास्त नावं आहेत. तिथे आजही माणसं शेतांमधल्या अरुंद, शांत रस्त्यांनी सायकलवर येतात आणि सायकल भिंतीला टेकवून नावं वाचत बसतात. कोणाला त्यात अनादर वाटत नाही.

दुसरा आक्षेप आमच्या गावांचा आहे आणि तो जास्त वजनाचा. रस्ता रुंद झाला, गाड्या आल्या, तर गावाला चार पैसे मिळतात. सायकलवाला काय, चहा पिऊन निघून जाणार. हे अर्धंच खरं आहे. रुंद रस्त्याने येणारी गाडी गावात थांबत नाही. ती स्मारकापर्यंत जाते, खाण्याचं शहरातूनच बांधून आणते, आणि रिकाम्या बाटल्या नदीत टाकून परत जाते. फायदा होतो तो जमिनीच्या दलालांचा. सायकलवाला थांबतोच, कारण त्याला थांबावं लागतं. पाणी हवं, सावली हवी, पंक्चर काढून हवं, पोटाला काही गरम हवं. त्याचे पैसे कमी असतील, पण ते वाडीत उतरतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शेमडी ते चावणी आणि म्हशावरून सिद्धगडाच्या पायथ्याकडे जाणारा, हे दोन रस्ते रुंद करू नका. खड्डे भरा, साईडपट्ट्या भरा, झाडं तोडू नका. रुंदीकरणात आमच्या भागातली जुनी झाडं कशी गेली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. वेग कमी ठेवा आणि त्या रस्त्यांवरून डंपर जाऊ देऊ नका. फाट्यावर पाटी लावा, पण नेत्यांच्या फोटोची नको. पुढे काय झालं होतं, कोणत्या साली, किती अंतरावर आहे, पाणी कुठे मिळेल, एवढं पुरे. भिवपुरीच्या वीजघराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पाटी असावी, की इथून निघणाऱ्या तारा 1942 मध्ये तोडल्या गेल्या आणि का. माथेरानने तर मार्ग दाखवूनच ठेवला आहे. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत, आणि म्हणून भाई कोटवालांच्या गावात अजून पावलांचा आवाज ऐकू येतो. तिथलं पर्यटन काही बुडालेलं नाही. एका गावाला जे जमतं ते पाच किलोमीटरच्या रस्त्याला का जमू नये?

सुरुवात शाळांनी करावी. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, मुख्यमंत्री अंतुले यांच्या काळात, राज्यभर गावोगावी एकाच धर्तीची हुतात्मा स्मारकं बांधायचं ठरलं आणि ती उभीही राहिली. त्यातली अनेक आज कुलूपबंद आहेत किंवा ओस पडलेली आहेत, कारण तिथे जाण्याचं कारणच कोणी मुलांना दिलं नाही. नववीच्या वर्गाला हिवाळ्यातल्या एका सकाळी सायकली घेऊन नेरळ आणि मानिवलीला न्यावं. भाषण ठेवू नये. वाटेतल्या वाड्यांमध्ये त्यांना दोन-दोन करून पाठवावं आणि एकच प्रश्न विचारायला सांगावं: बेचाळीस साली तुमच्या घरात कोण होतं, आणि त्यांनी काय सांगितलं? त्या पिढीतलं आता कोणी उरलेलं नाही. त्यांची मुलं ऐंशीच्या घरात आहेत. वही घेऊन जायची ती याच दोन-तीन हिवाळ्यांत.